बोटे पांढरी पडतात तेव्हा

थंडीने बोटे पांढरीफटक पडण्याचा विकार म्हटला की आपल्याला हिमालय किंवा युरोप आठवतो. आपल्या रत्नागिरीत जानेवारीतही पारा १५ अंशांखाली क्वचितच उतरतो. तेव्हा हा विकार आपला नव्हे, असे कोणालाही वाटेल. परंतु थंडी केवळ हवेतूनच येते असे नाही. ती कामातूनही येते.

आमच्या शेजारच्या एक काकी मासळीच्या कामाला जातात. बर्फातली कोळंबी सोलता सोलता त्यांची दोन-तीन बोटे मधूनच पांढरी पडत, मग निळसर होत आणि घरी येईतो लाल होऊन ठणकू लागत. "बोटा मेल्यावानी होतात रे," असे त्या मला सांगत. बधिर बोटे म्हणजे महारोग, अशी कुजबूज वाडीत सुरू झाली आणि घरात त्यांचे ताट वेगळे झाले. मी कलाशाखेचा विद्यार्थी. वैद्यक हा माझा विषय नव्हे. पण त्या वेगळ्या ताटामुळे मी या विषयाचे वाचन केले. त्याचे सार येथे देत आहे.

मॉरिस रेनो या फ्रेंच वैद्याने १८६२ साली आपल्या प्रबंधात या विकाराचे वर्णन केले. म्हणून त्याला रेनोचा विकार म्हणतात. थंडीत त्वचेतील बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि शरीराची ऊब आत राखली जाते. हा निसर्गनियमच आहे. या विकारात मात्र हे आकुंचन प्रमाणाबाहेर होते. रक्त अडले की बोट पांढरे पडते, उरलेल्या रक्तातील प्राणवायू संपला की निळे होते आणि वाहिन्या उघडल्या की लाल होते. तिन्ही रंग प्रत्येकात दिसतातच असे नाही. सावळ्या हातावर हा फरक नखाखाली व तळव्याच्या बाजूने पाहावा. मनावरच्या ताणानेही असा झटका येतो.

कुष्ठरोगाशी याचा संबंध नाही. कुष्ठरोगाचा चट्टा टिकून राहतो व त्या जागेची संवेदना कमी झालेली असते. येथे काही वेळाने बोट पूर्ववत होते. शंका असल्यास तपासणी अवश्य करावी. पण कुष्ठरोगही औषधाने पूर्ण बरा होतो व तो ताटवाटीतून पसरत नाही. म्हणजे ताट वेगळे करण्यास दोन्हीकडे आधार नाही.

या विकाराचे दोन प्रकार आहेत. पहिला बहुधा तरुण वयात, विशेषतः स्त्रियांत, सुरू होतो. तो त्रासदायक असला तरी सहसा घातक नसतो. दुसरा एखाद्या अन्य कारणामुळे उद्भवतो : त्वचा कडक करणारे किंवा सांध्यांचे विकार, काही औषधे, अथवा यंत्राची थरथर. अमेरिकेतील इंडियाना राज्यात चुनखडीच्या खाणींवर हवेच्या दाबाचे हातोडे चालवणाऱ्या कामगारांची बोटे अशीच पांढरी पडत. डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली त्यांची पाहणी केली. ब्रिटनने १९८५ साली थरथरीने होणारा हा विकार व्यवसायजन्य रोगांच्या यादीत घातला. आपल्याकडेही ब्रेकर, ग्राइंडर किंवा यंत्रकरवत दिवसभर हातात धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

उपाय साधे आहेत. झटका आला की थंडीपासून दूर व्हावे, हात काखेत धरावेत, दंड गोल फिरवावेत किंवा बोटे कोमट पाण्यात बुडवावीत. कढत पाणी व चुलीची धग कटाक्षाने टाळावी. बधिर बोटाला भाजल्याचे कळत नाही. बर्फात काम करताना रबरी मोज्यांच्या आत सुती मोजे घालावेत व ते ओले होताच बदलावेत. केवळ हात नव्हे, सारे अंग उबदार ठेवावे. बर्फाचे काम आळीपाळीने करता आले तर उत्तम. आणि मशेरी, तंबाखू, विडी सोडावी, कारण निकोटिनने वाहिन्या अधिकच आवळतात. आपल्या कोकणात हा उपदेश सर्वांत अवघड, पण सर्वांत मोलाचा आहे.

एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर निफेडिपिनसारखे वाहिन्या सैल करणारे औषध देतात. त्याने डोके दुखते, पाय सुजतात, रक्तदाब उतरतो. म्हणून ते मनाने घेऊ नये. रक्तदाबाच्या व सर्दीच्या काही गोळ्यांनी हा त्रास वाढतो, तेव्हा चालू औषधे डॉक्टरांना सांगावीत. त्रास तिशीनंतर प्रथमच सुरू झाला, एकाच हाताला होत असला, बोटावर जखम झाली किंवा कातडी ताठ होऊ लागली, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे. बोट काळे पडू लागले तर त्याच दिवशी.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरची शिक्षणाची फी बर्फात बुडालेल्या किंवा खाणीत राबणाऱ्या हातांनी भरली आहे. त्या हातांची बोटे कधी पांढरी पडतात का, एवढे तरी आपण घरी गेल्यावर विचारावे.