दुकानातले इंग्रजी

मुलांनो,

मागच्या शनिवारी सातवीच्या वर्गात मी विचारले, "परमुलखात कपड्यांच्या दुकानात गेलात आणि दुकानदाराला मराठी येत नसेल, तर काय कराल?" मागच्या बाकावरून उत्तर आले, "बोट दाखवायचं, गुरुजी!" सगळा वर्ग हसला. मला काही हसू आले नाही. कारण मीही एकदा बोटच दाखवले होते. ती गोष्ट आज सांगतो, म्हणजे पुढचा धडा कशासाठी आहे ते तुम्हांला कळेल.

१९९१ सालचा डिसेंबर महिना. आम्ही काही शिक्षक मिळून दक्षिणेच्या सहलीला गेलो होतो. म्हैसूर पाहिले आणि मग घाट चढून उटीला गेलो. उटी हे गाव तामिळनाडूत, निलगिरी पर्वतात, समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर आहे. थंडी तर विचारू नका! बाजारात लोकरीच्या कपड्यांची दुकाने दिसली आणि मला वडिलांची आठवण झाली. गव्हाला पाणी द्यायचे म्हणून ते ऐन थंडीत पहाटे चारला दारे धरायला जात. अंगावर एक जुनी घोंगडी, तीही भिजलेली. म्हटले, यांना एक चांगला स्वेटर न्यावा.

दुकानदार तमिळ बोलणारा. त्याला मराठी येईना, मला तमिळ येईना. त्याला हिंदीचे दहा-पाच शब्द येत असतील. राहिले इंग्रजी. ते त्याला छान येत होते, आणि मी तर इंग्रजीचा मास्तर! मी एका तपकिरी स्वेटरवर बोट ठेवले.

"फॉर यू?" त्याने विचारले.

"फादर," मी म्हणालो.

मग तो भरभर काहीतरी बोलला. त्यातला 'साइज' एवढाच शब्द माझ्या कानांत शिरला. मी म्हणालो, "येस." त्याने आणखी काही विचारले. मी पुन्हा "येस." शेवटी तो जरा थांबून म्हणाला, "नो एक्स्चेंज, सर. ऑल राइट?" मी मान डोलावली, "येस, येस." आणि १४० रुपये मोजून बाहेर पडलो. छाती चांगली फुगली होती. इंग्रजीत खरेदी केली ना!

त्याने काय विचारले होते ते परतीच्या गाडीत ध्यानात आले. "इज ही युवर साइज?" म्हणजे, तुमचे वडील तुमच्याच अंगाचे आहेत का? आणि मी येस म्हणून बसलो. माझे वडील माझ्यापेक्षा वीतभर उंच आणि खांद्यांनी चांगले रुंद. घरी आल्यावर त्यांनी स्वेटर घातला, तर बाह्या मनगटाच्या चार बोटे अलीकडेच थांबल्या. मला तोंड वर करवेना. ते मात्र म्हणाले, "आखूड हायत ते बरं झालं. दारं धरताना भिजायच्या न्हाईत." पुढे दोन हिवाळे त्यांनी तोच वापरला. बगलेत उसवला तेव्हा आईने लाल लोकरीने सांधला, कारण घरात तपकिरी लोकर नव्हती.

आता खरी गंमत ऐका. 'बिग, बिगर, बिगेस्ट' हे मी त्याच वर्षी फळ्यावर लिहून शिकवले होते. मुलांकडून दहा-दहा वेळा लिहूनही घेतले होते. "ही इज बिगर दॅन मी" हे पाच शब्दांचे वाक्य मला येत नव्हते असे नाही. ते वहीत होते, जिभेवर नव्हते. आपल्याकडे त्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचे. २००० सालापासून ते पहिलीपासून आहे, म्हणजे तुमची सुरुवात माझ्यापेक्षा चार वर्षे आधी झाली. पण तोंड उघडले नाही तर चार वर्षे काय आणि चौदा काय!

तर त्या दिवशी मी काय बोलायला हवे होते ते खाली लिहितो. दोघांनी मिळून मोठ्याने वाचा.

दुकानदार : गुड मॉर्निंग. कॅन आय हेल्प यू?
मी : गुड मॉर्निंग. आय वॉन्ट अ स्वेटर फॉर माय फादर.
दुकानदार : व्हॉट साइज?
मी : आय डोन्ट नो. ही इज बिगर दॅन मी.
दुकानदार : इज धिस ऑल राइट?
मी : नो. द स्लीव्ह्ज आर टू शॉर्ट. प्लीज शो मी अ बिगर वन.
दुकानदार : हिअर यू आर.
मी : हाऊ मच इज इट?
दुकानदार : वन हंड्रेड अँड फॉर्टी रुपीज.
मी : कॅन आय एक्स्चेंज इट, इफ इट डझन्ट फिट?
दुकानदार : सॉरी, नो एक्स्चेंज.
मी : देन लेट मी थिंक.

शेवटचे वाक्य नीट पाहा. 'मग मला जरा विचार करू द्या.' असे म्हटले की दुकानदार रागावत नाही. दुकानात शिरलो म्हणजे घेतलेच पाहिजे असे कुठे आहे? नुसते पाहायचे असेल तर "आय ॲम जस्ट लुकिंग, थँक यू" म्हणावे.

आणि काही कळलेच नाही तर? तेव्हा 'येस' म्हणायचे नाही. म्हणायचे, "सॉरी, आय डिडन्ट अंडरस्टँड. प्लीज से इट अगेन." सगळा धडा विसरलात तरी चालेल, एवढे एक वाक्य पाठ करा. पाचवीतली एक मुलगी मला म्हणाली, "गुरुजी, पण तसं म्हणायला लाज वाटते." वाटते खरी. मलाही वाटली होती. तिची किंमत १४० रुपये झाली.

आता तुमच्या वह्यांतल्या चुकांकडे येतो. पुष्कळांनी 'व्हेरी' आणि 'टू' यांत घोटाळा केला आहे. 'व्हेरी बिग' म्हणजे खूप मोठा. 'टू बिग' म्हणजे नको इतका मोठा, अंगात ढगळ होणारा. कपडा परत करायचा असेल तर 'टू'च हवे. 'फिट' आणि 'सूट' हेही वेगळे. मापाला बरोबर बसला तर "इट फिट्स मी," आणि अंगाला शोभून दिसला तर "इट सूट्स मी." एखादा सदरा फिट होतो पण सूट होत नाही, हे आरशासमोर सर्वांनाच कळते.

एकाने लिहिले आहे, "आय बॉट टू क्लॉथ्स." अरे, क्लॉथ म्हणजे कापड. दोन क्लॉथ्स म्हटले तर समोरचा समजेल, पुसायची दोन फडकी आणली! अंगावरच्या कपड्यांना 'क्लोद्झ' म्हणतात, आणि ते 'वन, टू' असे मोजत नाहीत. मोजायचे तर दोन शर्ट, तीन फ्रॉक असे नाव घेऊन मोजा.

विजारीला इंग्रजीत नेहमी अनेकवचन, कारण पाय दोन. म्हणून "हाऊ मच आर दीज ट्राउझर्स?" आपण सर्रास 'पँट' म्हणतो. अमेरिकेत 'पँट्स' म्हटलेले चालते, पण इंग्लंडच्या दुकानात 'पँट्स' मागितल्या तर दुकानदार आत घालायच्या चड्ड्या पुढे करील! (हे सांगितल्यावर सातवीचा वर्ग दहा मिनिटे आवरला नाही.)

आईबरोबर बाजारात गेल्यावर दोन प्रश्न तुम्ही नेहमी ऐकता. कापड आटतं का? रंग जातो का? पहिल्याला इंग्रजीत "विल इट श्रिंक?" आणि दुसऱ्याला "विल द कलर रन?" आपल्याकडे रंग जातो, त्यांच्याकडे तो पळतो. हे दोन प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक जाणते आहे हे दुकानदार ओळखतो, मग भाषा कोणतीही असो.

इंग्रजी शब्दांना इतके घाबरायचेही कारण नाही. त्यांच्या दुकानातले कितीतरी शब्द आपल्याकडूनच गेलेले आहेत. पजामा, शाल, खाकी हे तर ऐकताच कळतात. 'कॅलिको' हे सुती कापड कालिकतच्या, म्हणजे आजच्या केरळातल्या कोळिकोडच्या नावावरून. आणि 'डंगरी' हा जाड्याभरड्या कापडाचा शब्द आपल्या मुंबईतल्या डोंगरीवरून. उलट आपल्या शर्टाला बटणासाठी जे काज असते, तो शब्द पोर्तुगीजांचा. देवाणघेवाण जुनी आहे.

कोणी म्हणेल, आता मोबाईल भाषांतर करून देतो. देतो खरा. पण वडिलांचे माप मोबाईलला ठाऊक नसते.

येत्या शनिवारी सकाळी वर्गात दुकान मांडायचे आहे. सुतळी मी आणतो. प्रत्येकाने घरचा एक धुतलेला कपडा आणावा, त्यावर कागदाच्या चिठ्ठीने किंमत लावावी. दुकानदार कोण व्हायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवू. पहिले गिऱ्हाईक मी. स्वेटर मागणार आहे, तपकिरी, लांब बाह्यांचा.

तुमचे गुरुजी