खुर्ची आधी सरकव

चि. भाचीस,


आजोबांच्या फोटोची प्रिंट पोचली. नाक पुढे आलंय आणि कान मागे पळालेत. यात तुझ्या १५० मिलिमीटरच्या भिंगाचा काही दोष नाही. चार बाय पाचच्या फिल्मवर डोकं-खांदे भरायला तुला पाऊण मीटरवर जावं लागलं, आणि तिथून कुठल्याही भिंगातून नाक मोठंच दिसणार. चेहऱ्याची ठेवण अंतरावर ठरते. लांब भिंग लागतं ते फक्त दूर जाऊनही चौकट भरावी म्हणून. तेव्हा आधी आजोबांची खुर्ची सव्वा-दीड मीटरवर ने.

३०० च्या भिंगासाठी इतक्यात पैसे साठवू नकोस. चष्म्याच्या दुकानात जा आणि उणे तीन नंबरची, सिलिंडर नसलेली, फ्रेमसाठी न कापलेली गोल काच माग. साधी सीआर-३९ चालेल, पॉलीकार्बोनेट नको, त्यात रंग जास्त फाकतात. हिशेब सोपा आहे. १५० चं भिंग म्हणजे ६.६७ नंबर. त्यातून तीन वजा केले की ३.६७ उरतात, म्हणजे सुमारे २७० मिलिमीटर. काच भिंगाला जितकी चिकटून बसेल तितकं बरं, मधे फट राहिली की लांबी घटते. आधी पुठ्ठ्याच्या नळीत बसवून बघ, जमलं तर उद्यमनगरात लेथवर कडं करून घे.

उणे चारचा मोह मात्र टाळ. तुझा भाता ३५ सेंटिमीटर ताणतो. उणे तीनला डोकं-खांद्यांच्या फोटोसाठी साधारण ३४ लागतात, म्हणजे जेमतेम भागेल. उणे चारला ४५ च्या वर जाईल. भिंगावरचे एफचे आकडेही आता खोटे समज. भिंग लांबलं आणि भाताही ताणला, म्हणून मीटर सांगेल त्याच्या सुमारे पाचपट वेळ उजेड दे. छिद्र ११ पर्यंत बारीक कर आणि फोकस त्याच छिद्रावर बघ. उघड्यावर जुळवलेला फोकस बारीक केल्यावर सरकू शकतो. ग्राउंड ग्लासवर अंधारून येईल, डोक्यावरचा काळा कपडा दुहेरी घे. थोडा मऊपणा उरेलच, पण म्हाताऱ्या कातडीला तो मला तरी कोरीव तीक्ष्णपणापेक्षा शोभून दिसतो.

आणि कोल्हापुरात राहून तू भिंगासाठी अडून बसतेस, याचं नवल वाटतं. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी आपले सहकारी दामले यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास याच गावात सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणला. अभिमानाचे ढोल पिटायला हे सांगत नाही, ते गावात पुष्कळ वाजतात. माझा समज असा, की मुळात चित्रकार असल्यामुळे पडद्यावर काय दिसायला हवं ते त्यांच्या डोळ्यांपुढे आधीच होतं. यंत्र त्यामागून जुळलं. तुझ्या पत्रात भिंगांची चौकशी पानभर आहे, आजोबा कुठल्या बाजूने चांगले दिसतात यावर एक ओळ नाही.

उत्तरेच्या खिडकीशी त्यांना बसव, पाठीला आधार दे. एक्स्पोजर सेकंदभराच्या आसपास जाईल. ते स्वस्थ बसतात, म्हणून पहिल्या फिल्मी त्यांच्यावरच घाल. धाकट्याला एवढ्यात समोर बसवू नकोस.

तुझा मामा