संशोधनाचे माप

विद्यार्थिमित्रहो, वार्षिक परीक्षेचा निकाल लागला म्हणजे फलकाभोवती जी गर्दी उसळते, ती आम्ही कित्येक वर्षे पाहत आलो आहो. "किती गुण पडले?" हा एकच प्रश्न सर्वांच्या तोंडी असतो; "काय शिकलास?" असे कोणी कोणास विचारीत नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या वाट्यासही हाच प्रश्न येतो, असे सांगितले तर आपणांस नवल वाटेल. त्यांचे गुण कसे मोजतात व त्या मोजणीवर कितपत विश्वास ठेवावा, याचा विचार या पाठात करू.

उदाहरणासाठी मेंदूविज्ञानातील डॉ. शुभा टोळे यांचे कार्य घेऊ. मुंबईच्या झेवियर्स कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे त्यांनी डॉक्टरेट संपादिली, आणि 1999 साली त्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाल्या. गर्भावस्थेत मेंदूची रचना कशी होते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होय. वस्त्राला जसा काठ असतो, तसा गर्भाच्या मेंदूच्या बाह्य थराला एक काठ असतो. आठवणींशी निगडित असलेला हिपोकॅम्पस नावाचा भाग या काठाच्या शेजारी घडतो. उंदराच्या गर्भावर प्रयोग करून टोळे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, 'एलएचएक्स-2' हे जनुक ज्या पेशींत योग्य वेळी नसते, त्या पेशी थराच्या न राहता काठाच्या बनतात. आणि असा नवा काठ निर्माण झाला की त्याच्या शेजारी नवा हिपोकॅम्पसही उद्भवतो. म्हणजे काठ हा केवळ कडेचा भाग नसून शेजाऱ्यास घडविणारा कारागीर आहे! हा शोधनिबंध 2008 साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे टोळे यांना 2010 साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार व 2014 साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

आता अशा कार्याचे माप कसे घ्यावे? नुसते निबंध मोजावेत, तर दहा पोकळ निबंध एका भरीव निबंधावर मात करतील. म्हणून दुसरी युक्ती निघाली. प्रत्येक शास्त्रज्ञ आपल्या निबंधात पूर्वसूरींच्या ज्या निबंधांचा आधार घेतो, त्यांचा नामनिर्देश करतो; यास उद्धरण म्हणतात. ज्या निबंधाचे उद्धरण पुष्कळ, तो पुष्कळांच्या उपयोगी पडला असे समजावयाचे. यूजीन गारफील्ड या अमेरिकन गृहस्थांनी 1955 साली ही कल्पना मांडली व 1964 साली विज्ञानातील उद्धरणांची सूची प्रसिद्ध केली.

पुढे 2005 साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 'एच-निर्देशांक' सुचविला. समजा, एखाद्याच्या पाच निबंधांस अनुक्रमे 10, 8, 5, 4 व 3 उद्धरणे मिळाली. यांपैकी चार निबंधांस प्रत्येकी निदान चार उद्धरणे आहेत; परंतु पाचांस पाच-पाच नाहीत. म्हणून त्याचा निर्देशांक 4. आता दुसऱ्या एकाने दोनच निबंध लिहिले व प्रत्येकास 500 उद्धरणे मिळाली, तर त्याचा निर्देशांक किती? अवघा 2! येथेच या मापाचा उणेपणा लक्षात येतो.

उणिवा आणखीही आहेत. ज्या शास्त्रात माणसे अधिक, तेथे उद्धरणेही अधिक. वयाबरोबर निर्देशांक वाढतो, घटत मात्र नाही. कोणी स्वतःचेच उद्धरण वारंवार करून आकडा फुगवितो. आणि काळाचा न्याय तर कोणत्याच कोष्टकात बसत नाही. मठवासी ग्रेगोर मेंडेल यांचा वाटाण्याच्या रोपांवरील निबंध 1866 साली छापला गेला. 1884 साली ते वारले, आणि जगाने त्याचे महत्त्व ओळखले ते 1900 साली. निर्देशांक पाहून कोणी त्यांना नोकरी दिली असती काय? हे ध्यानी घेऊनच 2012 साली सॅन फ्रान्सिस्को येथे काही शास्त्रज्ञांनी एक जाहीरनामा तयार केला. संशोधन ज्या नियतकालिकात छापले त्याच्या आकड्यावरून नव्हे, तर संशोधनाच्या स्वतःच्या गुणावरून त्याची पारख व्हावी, असा त्याचा आशय आहे.

तर मग उद्धरण व्यर्थ आहे काय? मुळीच नाही. मोजणी दुय्यम असली तरी उद्धरण हे ऋणाची कबुली आहे. आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासे येथे, शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. एवढा प्रतिभावंत कवी. तरीही आपण व्यासांच्या मागून आलो व भाष्यकारांच्या आधाराने चाललो, असे त्यांनी ग्रंथाच्या अखेरीस मोकळ्या मनाने सांगितले. थोरांना ऋण मान्य करण्यात कमीपणा वाटत नाही. ते लपवितो तो उसन्या पोशाखात मिरवितो.

मार्काच्या शुभवर्तमानात दानपेटीपाशी बसलेल्या प्रभूने धनिकांच्या मोठ्या दानांहून गरीब विधवेची दोन क्षुद्र नाणी अधिक मानली. मोजणाऱ्याने नाणीच मोजली असती. प्रभूने त्यांमागील त्याग पाहिला. विद्यार्थिमित्रहो, गुणपत्रिका अवश्य पाहा, पण तिच्यावरून स्वतःस किंवा सोबत्यास तोलू नका. आणि पुढच्या वेळी निबंधात दुसऱ्याचा विचार घ्याल, तेव्हा त्याचे नाव खाली प्रामाणिकपणे लिहा. संशोधनाचा पहिला धडा तोच आहे, आणि तो आपल्या वर्गातच गिरविता येतो.