तापात माणूस भलतंच बोलू लागला तर

पावसाळ्यात राजापूर-लांज्यापासून दापोली-मंडणगडापर्यंत बहुतेक घरांत कुणीतरी तापाने आडवं असतं. बरेचसे ताप चार-पाच दिवसांत उतरतात. पण तापात माणूस भलतंच बोलू लागला, घरच्यांना ओळखेना, जागा करूनही पेंगतच राहिला किंवा त्याला झटका आला, तर तो मेंदूज्वर असू शकतो. मग गाऱ्हाणं घालण्यात किंवा उजाडण्याची वाट पाहण्यात वेळ घालवू नका. लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा. झटका आलेल्याला कुशीवर वळवा. तोंडात पाणी किंवा चमचा घालू नका, कांदा हुंगवत बसू नका.

भातखाचरांत वाढणाऱ्या क्युलेक्स डासांमुळे जपानी मेंदूज्वर पसरतो. त्याच्या विषाणूची लागण झालेल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, कारण प्रतिकारशक्ती त्याला मेंदूपर्यंत पोहोचू देत नाही. आजारी पडलेल्यांतही ज्यांच्या शरीरात अँटिबॉडी लवकर तयार होतात, त्यांची बरं होण्याची आशा अधिक असते. मात्र विषाणू मेंदूत शिरला, की त्याच्याशी लढायला आलेल्या पेशींमुळेही मेंदू सुजतो, आणि कवटीत सुजेला जागा नसते. म्हणून प्रतिकारशक्ती वाढवण्याचे काढे इथे कामाचे नाहीत आणि ती दाबणारं स्टेरॉइड स्वतःच्या मनाने घेणंही धोक्याचं आहे.

जपानी मेंदूज्वरावर विषाणू मारणारं खास औषध नाही. तिथे झटके थांबवणं, सूज आणि श्वास सांभाळणं यावरच जीव वाचतो. हर्पिस या दुसऱ्या विषाणूमुळे होणाऱ्या मेंदूज्वरावर मात्र शिरेतून दिलं जाणारं असायक्लोव्हिर आहे. उपचाराविना त्यात सुमारे ७० टक्के रुग्ण दगावतात. औषध लवकर सुरू झालं तर हे प्रमाण खूप खाली येतं. त्यामुळे संशय आला, की डॉक्टर रिपोर्टसाठी न थांबता ते सुरू करतात.

पाठीतलं पाणी काढलं की माणूस कायमचा अधू होतो, या भीतीने अनेक नातेवाईक तपासणीला नकार देतात. अधूपणा येतो तो आजारामुळे. या पाण्यातूनच आजाराचं कारण कळू शकतं. डॉक्टरांनी सांगितलं तर होकार द्या.

घरी आल्यावरही काही आठवडे लक्ष ठेवा. हर्पिसच्या मेंदूज्वरानंतर काहींची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर उलटते. वागणं पुन्हा बदललं, हातापायांच्या विचित्र हालचाली दिसल्या, तर ताप नसला तरी परत दाखवा. त्यावर वेगळे उपचार आहेत. फिजिओथेरपी आणि झटक्यांच्या गोळ्या मनाने बंद करू नका.

मुलांना मच्छरदाणीत झोपवा. जपानी मेंदूज्वराच्या लशीबद्दल आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्या.