‘आनुषंगिक’ या शब्दाचा अर्थ

हिशेबाच्या वहींत ‘आनुषंगिक खर्च’ व सभेच्या ठरावांत ‘आनुषंगिक बाबी’ आपण नेहमीं वाचतों, आणि त्या किरकोळ असाव्यात असें समजून पुढें जातों. ही समजूत शेतकऱ्यास महाग पडते. म्हणून या शब्दाचा येथें थोडा विचार करूं.

‘सञ्ज्’ म्हणजे चिकटणें. या धातूस ‘अनु’ हा उपसर्ग लागून ‘अनुषंग’ व त्यापासून ‘आनुषंगिक’ असा शब्द झाला. मागोमाग चिकटून येणारें तें आनुषंगिक. ‘अनुषांगिक’ हें लेखन अशुद्ध होय.

आपस्तंबधर्मसूत्रांत आंब्याचा दृष्टान्त आहे. आंबा फळासाठीं लावावा, सावली व सुगंध त्याच्या मागून येतात. तसाच धर्माच्या मागून अर्थ येतो. सावली क्षुद्र आहे, असें सूत्रकार म्हणत नाहींत. लावणाराचा हेतु सावलीवर नव्हता, एवढेंच.

तेव्हां महत्त्वानें कमी तें गौण, आणि हेतूच्या बाहेरचें पण कार्यास चिकटलेलें तें आनुषंगिक. हरभरा आपण दाण्यासाठीं पेरतों. त्याच्या मुळांवरील गांठींतले जंतु हवेंतील नत्र बांधतात. कडधान्यांचा हा गुण जर्मनींत हेलरीगेल व विल्फार्थ यांनीं १८८६ ते १८८८ या काळांत सिद्ध केला. हरभऱ्याच्या शेतांत नत्राचा हा लाभ आनुषंगिक. परंतु ताग फुलावर येतांच गाडण्यासाठीं पेरला, तर तोच लाभ मुख्य होतो.

आनुषंगिक फळ नेहमीं गोडच असतें, असेंही नाहीं. नीरा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला. अवर्षणग्रस्त मुलखास पाणी द्यावें, हा हेतु. तो सफल झाला व ऊस वाढला. पण निचरा नसलेल्या भारी काळ्या जमिनींत पाणी मुरून भूजल वर चढलें, त्याबरोबर क्षार वर आले, आणि कांहीं रानें पाणथळ व खारवट झालीं. हें कोणीं योजिलें नव्हतें. तरी तें आकस्मिकही नव्हे. आकस्मिकाचा अंदाज बांधतां येत नाहीं. आनुषंगिकाचा येतो, कारण तें कार्यास चिकटूनच असतें.

म्हणून पीक ठरवितांना आपण दोन प्रश्न विचारावे : यांतून मला काय हवें आहे? आणि त्यास चिकटून आणखी काय येईल? दुसऱ्या प्रश्नाचें उत्तरही वहींत मांडावें. कारण तें न मांडलें, तरी जमीन त्याचा हिशेब ठेवीतच असते.