विखुरलेला ऊस आणि टोळीचा दिवस



पवनार भागातले सभासद आम्हाला नेहमी विचारतात, "साहेब, धाम नदी आहे, जमीन काळी आहे, मग कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यासारखी एकराची कमाई आपली का नाही?" हवामान, पाणी व मशागत यांचा वाटा त्यात आहेच. पण आज दुसऱ्याच कारणाकडे लक्ष वेधतो. तिकडचा ऊस एकवटलेला आहे, आपला विखुरलेला.

हिशेब करून बघा. समजा, एक टोळी दिवसाला १५ टन तोडते. एकरी ३० टनांचे पाच फड लागोपाठ असले तर १५० टन १० दिवसांत संपतात. तेच फड पाच शिवारांत असले तर सामान हलवण्यात दर वेळी अर्धा दिवस जातो. चार वेळा हलवले की १२ दिवस झाले. टोळी तीच, ऊस तोच, पण दिवसाचे काम साडेबारा टनांवर आले. मजुरी टनावर मिळते, तेव्हा मुकादम आधी कोणीकडे जाईल हे सांगायला नको. तोडलेला ऊसही शक्यतो २४ तासांच्या आत गाळपास गेला पाहिजे. फडात गाडीची वाट बघत पडला की वजन घटते आणि साखरही घटते.

प्रवरेकाठी हे कसे जुळले? भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले, कालव्यांवर ऊस वाढला. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. मग बेणे, गाडीवान, पंप दुरुस्त करणारा कारागीर, सारे जवळ आले. नवी जात शेजाऱ्याच्या वावरात दिसली की दुसऱ्या वर्षी आपल्याही वावरात येते, हा फायदा तर कोणत्या वहीत लिहिला जात नाही.

वर्धेला हे नवीन नाही. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. हिंगणघाटला कापसाचा बाजार आणि जिनिंग-प्रेसिंग एकत्र आले. नागपूरला १८७७ साली टाटांची एम्प्रेस मिल निघाली, तीही कापूस जवळ म्हणून. कापसाभोवती जे गोळा झाले, ते आपल्याकडे उसाभोवती झालेले नाही, एवढेच.

सगळे शिवार उसाखाली घाला, असे मात्र आम्ही म्हणत नाही. कृष्णाकाठी अति पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या, तेही एकवटण्याचेच फळ.

धुऱ्याला धुरा लागून असलेल्या चार-पाच सभासदांनी एकाच आठवड्यात, एकाच जातीची लागण करावी. बेणेमळा एक ठेवावा. भाऊबंदकी आम्हाला ठाऊक आहे; पण गाडीच्या वाटेचा तंटा सुरू लागणीआधीच मिटवा, तोडणीच्या दिवशी नको. सर्वांचे गट नंबर चिटबॉयकडे एकदमच नोंदवावेत, म्हणजे तोडणीच्या कार्यक्रमात ते फड लागोपाठ धरता येतील.