तेवीस किलोंचे गणित

जुलै महिना लागला की दादरच्या हिंदमाता भागातील कापडबाजारात एक निराळे गिऱ्हाईक दिसू लागते. साडी किंवा ड्रेसचे कापड निवडताना ते रंग पाहते, पोत पाहते, आणि मग घडी हातावर तोलून दुकानदाराला विचारते, "याचं वजन किती भरेल हो?" कापड मीटरवर विकणाऱ्या दुकानदाराला हा प्रश्न एकेकाळी चमत्कारिक वाटला असता. आता त्याला कारण ठाऊक असते. घरातले कोणीतरी ऑगस्टमध्ये शिक्षणासाठी किंवा संसार थाटण्यासाठी परदेशी निघालेले आहे. पुढची खरेदी लालबागला, मसाल्याची आणि चिवड्याची. मग घरी आल्यावर बॅग भरणे, ती तोलणे, उपसणे आणि पुन्हा भरणे.

अमेरिकेच्या प्रवासात पुष्कळ विमान कंपन्या प्रत्येकी २३ किलोंच्या एक किंवा दोन बॅगा नेऊ देतात. इतर देशांसाठी बरेचदा सर्व सामान मिळून अमुक किलो असा हिशेब असतो. नियम कंपनीगणिक आणि तिकिटागणिक बदलतात, म्हणून तिकिटावरचा आकडा वाचणे हाच पहिला उपाय. त्यापुढचे एक-दोन किलो मात्र एवढे महाग का? आगगाडीतही सामानाची मर्यादा असते, पण तेथे तराजू क्वचितच आडवा येतो. विमानातच ही काटेकोर मोजणी का, हे भौतिकीच्या साध्या नियमांनी कळते.

पूर्वी परदेशी जाणारे लोक बॅलार्ड पिअरवरून बोटीने जात आणि सोबत लोखंडी ट्रंका नेत. बोटीवर ट्रंक चढली की बोट केसभर अधिक बुडते, तेवढे जास्त पाणी बाजूला सारते, आणि आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार पाणीच ते वजन तोलून धरते. बोटीचे यंत्र बंद पडले तरी ट्रंक तरंगत राहते. विमानाला असा फुकटचा आधार नाही. त्याचे पंख हवेला सतत खाली ढकलतात आणि त्या बदल्यात वर उचलले जातात. हे उत्थापक बल मिळवण्यासाठी पुढे धावावे लागते, आणि धावताना हवेचा रोध सोसावा लागतो. आधुनिक प्रवासी विमानात उत्थापक बल हे रोधक बलाच्या सुमारे १८ पट असते. म्हणजेच १८ किलो वजन हवेत धरून ठेवायचे, तर इंजिनाला साधारण १ किलो वजनाइतका जोर सारखा लावावा लागतो.

आता मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर घेऊ. ते सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. बॅगेत १० किलो जादा भरले, तर त्यांचे वजन ९८ न्यूटन. त्याला १८ ने भागले की जादा रोध ५.४ न्यूटन येतो. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, म्हणून ५.४ ला १,२५,००,००० मीटरने गुणले की सुमारे ६.८ कोटी ज्यूल होतात. एक किलो विमान-इंधन जळून सुमारे ४.३ कोटी ज्यूल ऊर्जा देते, पण तिच्यातील जेमतेम ३५ टक्के, म्हणजे दीड कोटी ज्यूल, विमान पुढे नेण्याच्या कामी येते. तेव्हा त्या १० किलोंसाठी साडेचार किलो इंधन हवे. गंमत अशी की हे इंधनही विमानातूनच न्यायचे असते, आणि ते जळून संपेपर्यंत त्याला उचलून धरायला आणखी इंधन लागते! तो हिशेब धरला की आकडा साडेपाच किलोंच्या वर जातो. आकडे ढोबळ आहेत, पण १० किलो सामानामागे निम्म्याहून अधिक वजनाचे इंधन जळते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बोइंग ७७७-३००ईआर या विमानाला जास्तीत जास्त सुमारे ३५१ टन वजनानिशी उड्डाण करता येते, आणि टाक्या पूर्ण भरल्या तर त्यातले सुमारे १४५ टन निव्वळ इंधनच असते. अशा विमानातील ३०० जणांनी "दहाच तर किलो" म्हटले, की झाले ३ टन.

या संदर्भात एक जुनी नोंद आठवते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका लहानशा पुस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. भारतातील नियमित हवाई टपालसेवेची ती सुरुवात होती. त्या विमानातील टपालाचे वजन सुमारे २५ किलो होते! आज एका विद्यार्थ्याची एक बॅग जवळजवळ तेवढी भरते.

केवळ एकूण वजन मर्यादेत राहून भागत नाही. ते कोठे आहे यालाही तितकेच महत्त्व असते. बागेतल्या सी-सॉवर जड मुलगा टोकाशी सरकला की काय होते, ते सर्वांना माहीत आहे. विमानाचा गुरुत्वमध्य ठरावीक पट्ट्यातच राहिला पाहिजे. तो फार मागे गेला तर नाक वर उचलले जाते आणि वैमानिकाला ते खाली आणणे कठीण होते. म्हणून उड्डाणापूर्वी पुढच्या व मागच्या कप्प्यांत किती वजन आहे, याचा तक्ता तयार करतात. बॅगा तोलतात, पण प्रवाशांचे वजन बहुधा सरासरीने धरतात. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतील शार्लट येथे १९ प्रवासी आणि २ कर्मचारी असलेले एक छोटे विमान उड्डाण करताच कोसळले. त्यातील सर्व २१ जण मरण पावले. शेपटीकडील नियंत्रण-तार दुरुस्तीच्या वेळी चुकीची जुळवली गेली होती; शिवाय गुरुत्वमध्य मर्यादेच्या बराच मागे होता, कारण हिशेबात धरलेली प्रवाशांची व सामानाची सरासरी वजने प्रत्यक्षापेक्षा कमी होती. त्यानंतर अमेरिकेत ही सरासरी वाढवण्यात आली. काउंटरवर दोन किलोंसाठी हुज्जत घालणाऱ्यांना ही हकिकत सांगावीशी वाटते.

आणखी एक आकडा ३२ किलोंचा. जादा पैसे भरूनही एका बॅगेचे वजन सहसा यापुढे नेता येत नाही. येथे प्रश्न माणसाच्या पाठीचा आहे. लहान विमानांच्या पोटातील कप्प्यात कामगार वाकून किंवा गुडघ्यांवर बसून बॅगा हातांनी रचतात. ओझे वाहणाऱ्यांच्या हिताचा माथाडी कायदा महाराष्ट्रात १९६९ साली झाला. गोदीत आणि बाजारात पाठीवर पोती वाहणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही मर्यादा जाचक वाटणार नाही.

मग काय करावे? काही जण गाद्या-रजयांतली हवा यंत्राने काढून घेतात आणि बॅग हलकी झाली असे समजतात. बॅग लहान होते, हलकी होत नाही. कपड्यांत अडकलेल्या २० लिटर हवेला सुमारे २४ ग्रॅम वजन असते खरे, पण भोवतालची हवा तिला तेवढ्याच बलाने वर उचलत असते. म्हणून ती असली काय नि नसली काय, काटा तेच दाखवतो. उलट फायदा होतो तो सामान वेगळे मालवाहतुकीने पाठवताना. तेथे लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला बहुधा ६,००० ने भागतात, आणि ते उत्तर व खरे वजन यांत जे मोठे असेल त्याचे पैसे घेतात. आजीची गोधडी ६ किलोंची असेल, पण ६० × ५० × ४० सेंटिमीटरच्या खोक्यात घातली तर ती २० किलोंची ठरते! दाबून निम्म्या खोक्यात बसवली तर १० किलोंची. पुस्तके किंवा प्रेशर कुकर यांच्याबाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण त्यांचे खरे वजनच भारी असते. माझे मत विचाराल तर कुकर न्यावा, जाड पुस्तके मागे ठेवावीत.

मुंबईकरांना पावसाळ्यात आणखी एक छुपे ओझे वाहावे लागते, ते पाण्याचे. कोरडा वाटणारा सुती कपडाही हवेतील बाष्प शोषून घेतो. ६५ टक्के आर्द्रतेत १० किलो पूर्ण कोरड्या सुताबरोबर सुमारे ८५० ग्रॅम पाणी असते. पॉलिएस्टरमध्ये हेच पाणी ४० ग्रॅमच्या आसपास भरते. परळ-लालबागच्या गिरण्या चालू होत्या, तेव्हा सूत तुटू नये म्हणून विणकामखात्यांतील हवा मुद्दाम दमट ठेवीत, आणि सुताच्या व्यवहारात या पाण्याचा हिशेब धरला जाई. हिंदमात्याला पाणी तुंबते अशा दिवसांत तर आर्द्रता ६५ टक्क्यांच्या कितीतरी वर असते. कपड्यांना कडक इस्त्री करून ते लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केले, तर काहीशे ग्रॅम सहज वाचतात.

घरी बॅग तोलण्याच्या रीतीही तपासून पाहाव्यात. वजनकाट्यावर आधी बॅगेसह आणि मग नुसते उभे राहून वजाबाकी करणे सोपे आहे; पण प्रत्येक वाचनात अर्ध्या किलोची चूक संभवत असेल, तर वजाबाकीत ती एक किलोपर्यंत जाऊ शकते. म्हणून या रीतीने २२ किलोंवर थांबावे. ताणकाटा वापरताना बॅग झटक्याने उचलू नये, कारण वर जाणाऱ्या त्वरणामुळे काटा जास्त वजन दाखवतो. शिवाय ताणकाटा पृथ्वीचे आकर्षण मोजतो. लंडनमध्ये जुळवलेला काटा मुंबईत २३ किलोंना सुमारे ६० ग्रॅम कमी दाखवील, कारण विषुववृत्ताकडे येताना गुरुत्वत्वरण घटत जाते.

काटाच नसेल तर तरफ आहे. एक मजबूत बांबू बरोबर मध्यावर दोरी बांधून पोटमाळ्याच्या तुळईला आडवा टांगा. शिक्षक किंवा घरातील मोठे माणूस जवळ असू द्या. तो समतोल राहतो याची आधी खात्री करा. मध्यापासून २० सेंटिमीटरवर बॅग आणि दुसऱ्या बाजूला ८० सेंटिमीटरवर बादली अडकवा, आणि मापाने पाणी ओतत जा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. परिबले समान होतात तेव्हा बांबू आडवा ठरतो. २३ किलोंच्या बॅगेला बादलीसकट पावणेसहा किलो पुरतात.

आता हे उदाहरण सोडवा. बॅग २५ सेंटिमीटरवर, ८०० ग्रॅमची बादली ७५ सेंटिमीटरवर, आणि साडेसहा लिटर पाण्याने समतोल साधला. बॅग २३ किलोंच्या आत आहे का? आणि तिची गाठ खरे म्हणजे २६ सेंटिमीटरवर सरकलेली असली, तर उत्तर किती बदलते?